तिसऱ्या फळ्यावरचा महिना

पावसाने दडी मारून बावीस दिवस झाले होते आणि बाजार आवारात सकाळी आठलाच पहिल्या फळ्यासमोर माणसं माना वर करून उभी होती. फळ्यावर अजून काही लिहिलेलंच नव्हतं, तरी बघत होती. फळ्यांवर भाव लिहिणारी खडूवाली खांद्यावर शिडी घेऊन आली तशी गर्दी थोडी फाकली, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "आल्या बाई. आता पुसा आमचं नशीब."

"नशीब पुसायला वेगळं फडकं लागतं," ती म्हणाली. "सरका जरा."

कचेरीच्या भिंतीवर पुरुषभर उंचीच्या वर तीन काळे लाकडी फळे ठोकलेले होते. तिन्हींवर भाव मक्याचाच, पण पहिल्यावर या महिन्यात द्यायच्या मालाचा, मधल्यावर दोन महिन्यांनी द्यायच्या मालाचा, आणि तिसऱ्यावर चार महिन्यांनी द्यायच्या मालाचा. वायद्याचे हे भाव शहरातून फोनवर यायचे, खिडकीतला कारकून ते ओरडून सांगायचा, आणि खडूवाली शिडी चढून लिहायची. दोन महिने सरले की तिसऱ्यावरचा महिना मधल्यावर यायचा, आणखी दोन सरले की पहिल्यावर. फळे जागचे हलत नव्हते. महिने हलायचे.

शिडी लावण्याआधी तिने ओट्यावर सांडलेले मक्याचे दाणे झाडले, आणि शिडीच्या दोन्ही पायांखाली गोणपाटाचे तुकडे घातले. हे ती रोज करायची, आणि करताना तिला कोणी घाई केली की ती त्याच्याकडे असं बघायची की तो पुन्हा घाई करायचा नाही. गेल्या कापणीला तिचा नवरा ह्याच ओट्यावर पडला होता. फळे लिहायचं काम तेव्हा त्याचं. त्या दिवशी पाव तासात पहिल्या फळ्यावरचा भाव सहा वेळा बदलला. पाच वेळा तो मधल्या फळ्यावरून खाली उतरून, शिडी सरकवून पुन्हा चढला. सहाव्या वेळी कंटाळून त्याने शिडीवरूनच हात लांब केला. शिडीचा पाय दाण्यांवर होता. खुबा मोडला, आणि जुळला तो वाकडा जुळला. आता एक पाय दोन बोटं आखूड होता, आणि काम तिच्या गळ्यात आलं होतं.

"पहिला, तेवीसशे दहा," कारकून ओरडला.

तिने लिहिलं. शेवटच्या शून्याची गाठ पडायच्या आत खालून तो पुन्हा ओरडला, "तेवीसशे पंचेचाळीस." पुसलं, लिहिलं. "बावीसशे नव्वद." गर्दीतून एक सुस्कारा निघाला. दुपारपर्यंत तिचा उजवा खांदा भरून आला आणि नाकात, भुवयांत, पदराच्या घडीत खडूची पांढरी भुकटी बसली. मधल्या फळ्याला तिला पाच-सहा वेळा जावं लागलं. तिसऱ्यावर सकाळी एकोणीसशे चाळीस लिहिलं होतं, ते संध्याकाळीही एकोणीसशे चाळीसच होतं, आणि त्याच्याखाली एक कुत्रं निवांत झोपलं होतं.

त्या दिवशी स्टार्चच्या कारखान्याच्या माणसाने खिडकीशेजारी कागद चिकटवला. कापणीचा मका कारखान्याला घालायचा असेल तर दोन वाटा होत्या. एक, तिसऱ्या फळ्यावर आज जो भाव आहे त्याने आत्ताच सौदा बांधून घ्यायचा. दुसरी, कापणी झाल्यावर माल आणाल त्या दिवशी पहिल्या फळ्यावर जो भाव असेल तो घ्यायचा. नोंदणी शनिवारी दुपारी बंद. लोकांनी कागद वाचला, तिसऱ्या फळ्याकडे एक नजर टाकली, हसले, आणि पुन्हा पहिल्या फळ्याकडे तोंड करून उभे राहिले.

खडूवाली मात्र कागदासमोर बराच वेळ उभी राहिली. तिच्या डोक्यात एकच आकडा होता, अठराशे. मका अठराशेच्या वर कितीलाही गेला तर नवऱ्याच्या खुब्याची वाटी बदलता येत होती. अठराशेच्या खाली गेला तर नाही. डॉक्टरने कापणीनंतरची तारीख दिली होती आणि वर सांगितलं होतं, अजून एक वर्ष असंच लंगडत काढलं तर दुसऱ्या पायाचा गुडघाही कामातून जाईल.

घरी तिने जेवायला वाढताना विषय काढला. सासरे भिंतीला टेकून बसले होते. ते सुतार, सत्तरी ओलांडलेले, कानाच्या मागे अजून पेन्सिल. नवरा पाटावर बसू शकत नव्हता म्हणून खुर्चीत. धाकटा दीर शेतातून पाइप ओढून नुकताच आलेला, सदऱ्याला चिखल, खांद्यावर काळानिळा वळ. विहिरीला पाणी होतं म्हणून त्यांचा मका तगून होता, पण ते पाणी पंचवीस-पंचवीस फुटांचे पाइप दिवसातून चार वेळा सरीसरीतून ओढून न्यावं लागत होतं, आणि ते धाकटा एकटा करत होता.

"एकोणीसशे चाळीसला बांधायचं?" धाकट्याने घास हातातच ठेवला. "वहिनी, आज पहिल्या फळ्यावर किती लिहिलंत तुम्ही? तुमच्याच हाताने?"

"सांजेला तेवीसशे साठ."

"मग? चारशे वीस सोडून द्यायचे? क्विंटलमागे?"

"तो आपल्या मक्याचा भाव नाही, भावजी. आपला मका अजून गुडघ्याएवढा आहे. आपला भाव तिसऱ्या फळ्यावर."

"त्याच्याकडे कुत्रं बघत नाही."

"कुत्रं त्याच्याखालीच झोपतं," ती म्हणाली. नवरा हसला, पण धाकटा हसला नाही. त्याचंही एक गणित होतं आणि ते काही चुकीचं नव्हतं. तालुक्याच्या मेकॅनिककडे एक जुना पॉवर टिलर उभा होता. मका बावीसशेच्या वर गेला तर खुबाही झाला असता आणि टिलरही आला असता. सात वर्षं त्याने तण काढायचं कोळपं स्वतःच्या छातीने ओढलं होतं. तिशीत त्याची पाठ पन्नाशीची झाली होती, आणि त्याबद्दल तो कधी एका शब्दाने बोलला नव्हता.

"अर्धा तुमचा उघडा ठेवा, अर्धा आमचा बांधू," ती म्हणाली.

सासऱ्यांनी मान वर केली. त्यांना ऐकू कमी यायचं, पण नको ते बरोबर यायचं. "एका शेताचा मका दोन दारांनी जाणार नाही," ते म्हणाले. "आज मका वाटाल, उद्या चूल वाटाल. बांधायचा तर सगळा, नाहीतर सगळा उघडा. शुक्रवारी सांगतो."

जेवणं झाल्यावर ती नवऱ्याच्या मांडीला तेल लावायला बसली. खुब्यापासून खाली मांडी वाळून काटकुळी झाली होती, आणि बोट दाबलं की तो श्वास अडवून धरायचा.

"ऐक," तो म्हणाला. "नको बांधूस. माझ्या एका हाडापायी त्याचा टिलर जायला नको. मी खुर्चीत बसून मका सोलीन, सुतळी वळीन."

"सुतळी वळणारे पुष्कळ आहेत."

"त्याने सात वर्षं ओढलंय."

"माहीत आहे मला. तुमच्यापेक्षा मीच जास्त बघितलंय, बांधावर भाकरी घेऊन मी जात होते." तिने तेलाची वाटी खाली ठेवली. "तुम्ही एवढंच सांगा. गेल्या वर्षी तुम्ही ज्या महिन्याचा भाव लिहिताना पडलात, तो महिना चार महिने आधी कुठे होता?"

तो विचारात पडला. "तिसऱ्यावर."

"तिथे किती वेळा पुसलात त्याला?"

"दिवसातून एकदा. कधी तेही नाही."

"आणि पहिल्यावर आला तेव्हा?"

त्याचा हात आपोआप खुब्यावर गेला. तिने पाय उशीवर नीट ठेवला आणि हात धुवायला उठली. आपल्याला जे दिसतंय ते ह्या घरात दुसऱ्या कोणाला दिसत नाही याचा तिला राग येत होता, आणि त्या रागात थोडी भीतीही होती, कारण भाव वर जाणार की खाली हे तिलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आवारात जायच्या आधी शेतात गेली आणि पाइपाचं दुसरं टोक उचललं. धाकट्याने एकदा बघितलं आणि आपलं टोक उचललं. दोघांनी चार सऱ्या बदलल्या. पाइपाच्या जोडातून पाणी गळत होतं, घोट्यापर्यंत चिखल झाला होता, आणि वर आभाळ धुतलेल्या परातीसारखं स्वच्छ होतं.

"मला एक सांगा," धाकटा शेवटी म्हणाला. "पहिला फळा सारखा पुसता म्हणजे भाव फार हलतो असं कुठे आहे? पाच-पाचने दहा वेळा हलला तरी पुसावाच लागतो. किती वेळा हलला ते सांगू नका. किती हलला ते सांगा."

"पाच-पाचने नाही हलत."

"तुम्ही लिहिता, तुम्हाला तसं वाटणारच. खांदा तुमचा दुखतो."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. ती आवारात तेच डोक्यात घोळवत लिहीत राहिली. दिवसभराचे आकडे तिला आठवत होते, पण आठवणीवर सासरे विश्वास ठेवणार नाहीत हेही तिला ठाऊक होतं. सुतार माणूस. मोजल्याशिवाय तो खिळाही ठोकत नव्हता. संध्याकाळी घरी आल्या आल्या तिने त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "मामंजी, शुक्रवारी तुम्ही आवारात चला. तुमचे फळे बघायला."

फळे त्यांचेच होते. बारा वर्षांपूर्वी आवार बांधलं तेव्हा एकाच झाडाच्या फळ्या कापून, एकाच दिवशी रंधून, एकाच डब्यातल्या रंगाने त्यांनी तिन्ही रंगवले होते. त्यानंतर ते तिकडे फिरकले नव्हते.

शुक्रवारी ते आले ते हातभर लांबीच्या तीन लाकडी पट्ट्या आणि फुटपट्टी घेऊन. ओट्याच्या कडेला मक्याच्या पोत्यावर बसले, तिन्ही पट्ट्यांच्या मधोमध पेन्सिलीने एकेक आडवी खूण केली, आणि म्हणाले, "ही सकाळच्या भावाची खूण. पाच वाढले तर एक सूत वर, पाच उतरले तर एक सूत खाली. तू मोठ्याने वाचत जा."

इंचाचे आठ सूत. एका सुताएवढी फट राहिली म्हणून त्यांनी एकेकाळी आख्खं दार परत घेतलं होतं. ती प्रत्येक भाव लिहून झाला की मागे वळून ओरडायची, आणि ते पट्टी गुडघ्यावर धरून खूण करायचे. अकराच्या सुमारास कुठूनतरी बातमी आली की बंदरावर परदेशी मक्याचं जहाज लागलंय, आणि पहिला फळा तेवीसशेवरून बावीसशे ऐंशी, बावीसशे तीस, बावीसशे असा घसरत बावीसशेच्याही खाली गेला. बाराला कळलं की जहाजात मका नाही, सिमेंट आहे. फळा पुन्हा वर चढला, आणि चढताना सकाळच्या जागी थांबला नाही. जहाजात काय आहे हे न बघता माल विकणाऱ्यांचं तिला नवल वाटत नव्हतं. पण त्यांच्या पायी शिडी आपण चढतो याचं तिला वाईट वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत सासरे उठले आणि सरळ शिडीपाशी गेले.

"अहो बाबा," कारकून खिडकीतून म्हणाला, "एक पडलाय या घरातला. पुरे की."

"तो सुतार नव्हता," म्हातारा म्हणाला. "धर गं शिडी."

तिने दोन्ही हातांनी शिडी आवळून धरली. ते तीन पायऱ्या चढले आणि पहिल्या फळ्यावर तळवा फिरवला, मग अंगठा. बराच वेळ फिरवला. "इथे खोलगट झालंय," ते वरूनच म्हणाले. "लाकूड खाल्लंय फडक्याने." मग उतरून त्यांनी स्वतः शिडी तिसऱ्या फळ्याशी लावायला सांगितली आणि तिथे हात फिरवला. त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. "माझ्या कुंच्याचे फराटे आहेत की अजून. रंग उडालाच नाही."

संध्याकाळी घरी त्यांनी तिन्ही पट्ट्या धाकट्याच्या ताटासमोर ठेवल्या. पहिल्या पट्टीवर वरपासून खालपर्यंत सहा इंचांत खुणांची नुसती गिचमिड होती. दुसरीवर दोन इंचांत दहा-बारा खुणा. तिसरीवर मधली खूण, तिच्या वर एक आणि खाली एक, सगळं मिळून दोन सूत.

"तू विचारलं होतंस ना, किती हलला," ते म्हणाले. "हे एका दिवसाचं."

धाकट्याने पट्टी हातात घेऊन दिव्याकडे धरली. "बाबा, पण यावरून वर जाणार की खाली हे कुठे कळतं?"

"नाही कळत."

"मग?"

"जिथे पाय ठरत नाही तिथे डोक्यावर ओझं घेऊन उभं राहायचं का, तेवढं कळतं."

"तिसरा फळा ठरलेला आहे म्हणूनच म्हणतो ना मी," धाकटा म्हणाला. "तो पळून जात नाही. कापणीला बघू."

आता खडूवालीने हातातली पळी खाली ठेवली. "भावजी, तो महिना तिथे राहत नाही. कापणीला तो पहिल्या फळ्यावर येतो. आज तो शांत आहे कारण चार महिन्यांत पाऊस किती येईल, पीक किती येईल, जहाजं किती येतील, कोणालाच काही माहीत नाही, म्हणून कोणी त्याला धक्का मारत नाही. जवळ आला की एकेक ढग त्याला हलवणार. आणि आपण नेमके त्याच दिवशी पोती घेऊन दारात उभे असणार. धरायचा तर आत्ताच धरता येतो. तिथे जास्त मिळालं तर मी रडणार नाही. पण कमी मिळालं तर ते परत आणायला मला जागा नाही."

"आणि जास्त मिळालं, तर मी रडू का?" धाकटा म्हणाला. आवाज चढवून नाही, अगदी साधेपणाने त्याने विचारलं, आणि त्यामुळे ते तिला जास्त लागलं.

"रडा," ती म्हणाली. "मी ऐकून घेईन."

नवऱ्याने खुर्चीतून काही बोलायला तोंड उघडलं, पण म्हाताऱ्याने हात वर केला. "बांधा," ते म्हणाले, आणि पेन्सिल कानामागे खोचून जेवायला लागले.

शनिवारी अकराला तिने शिडी बाजूला ठेवली आणि खिडकीशी गेली. सगळं आवार बघत होतं. सौदा बांधणारं आठवड्याभरातलं ते सातवं घर होतं. कारखान्याच्या माणसाने विचारलं, "बाई, पहिल्या फळ्यावर आत्ताच चोवीसशे लिहून आलात ना तुम्ही?"

"हो. आता तिसऱ्याचं लिहा," ती म्हणाली आणि सही केली. मागे कोणीतरी म्हणालं की खडू खाऊन बाईच्या डोक्यात पांढरं झालंय. ती वळून बघायला गेली नाही. कारकून ओरडत होता आणि पहिला फळा पुसायचा होता.

सौदा बांधल्यावर पाऊस तिसऱ्या आठवड्यात आला, उशिरा पण भरपूर. मका डोक्याच्या वर गेला. कणसं मोडताना पानांच्या कडांनी हात, गळा, कानाच्या पाळ्या चिरल्या गेल्या, आणि घामाने त्या चिरा दिवसभर चुरचुरत राहिल्या. नवऱ्याने खुर्चीत बसून आठ दिवस कणसं सोलली. तोवर ठरल्याप्रमाणे तो महिना मधल्या फळ्यावर आला आणि मग पहिल्यावर आला, आणि आल्या दिवसापासून खडूवालीच्या खांद्याला उसंत राहिली नाही.

कारखान्याच्या काट्यासमोर तीन दिवसांची रांग लागली होती. धाकटा भाड्याच्या ट्रॅक्टरवर पोत्यांवर बसून राहिला. येताना त्याने वळचणीतून ती तिसरी पट्टी काढून आणली होती. हट्टानेच आणली होती. मधली खूण एकोणीसशे चाळीसची, आपण किती गमावलं हे त्याला सुतासुताने वहिनीला दाखवायचं होतं. रांग आवाराच्या फाटकापर्यंत आली होती आणि तिथून पहिला फळा दिसत होता, त्यावर चढणारी-उतरणारी वहिनीही दिसत होती.

सोमवारी दुपारी फळ्यावर बावीसशे पन्नास लागला. त्याने बासष्ट सूत मोजून वर खूण केली आणि पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं. त्याच्या पुढच्या ट्रॅक्टरवाल्याने सौदा बांधलेला नव्हता. तो खाली उतरून चहा पाजत सुटला, धाकट्यालाही पाजला. "तुमच्या वहिनी हुशार म्हणे," तो म्हणाला. धाकट्याने चहा प्यायला आणि तोंड फिरवलं.

मंगळवारी सकाळी कारखान्याने एक काटा बंद केला, आणि वाटेवर आणखी चारशे गाड्या आहेत अशी हाकाटी उठली. भाव एकोणीसशेला आला, दुपारी सतराशे, चारला पंधराशे साठ. चहा पाजणाऱ्याचा नंबर नेमका चारला लागला. त्याने काट्यावरच्या माणसाला हात जोडले की उद्या घ्या, पण गाडी आत शिरलेली होती आणि मागून भोंगे वाजत होते. धाकट्याने मधल्या खुणेपासून खाली सूत मोजायला सुरुवात केली. सत्तर, एकाहत्तर, बहात्तर. पट्टी संपली. अजून चार सूत उरले होते. तो तसाच बोट हवेत धरून काही वेळ बसला.

बुधवारी सकाळी दोन्ही काटे चालू झाले आणि भाव पुन्हा एकवीसशे पन्नासवर गेला. त्यांचा मका साडेदहाला तोलला गेला. एकोणीसशे चाळीसने. फळ्यावर त्या क्षणी दोनशे दहा जास्त लिहिलेले होते आणि ते तिच्याच हातचे होते. ती शिडीवरून त्याला बघत होती. मोकळा ट्रॅक्टर फाटकाबाहेर पडताना त्याने तिच्याकडे मान वळवली नाही.

ऑपरेशन दिलेल्या तारखेला झालं. टिलर तालुक्याच्या कुठल्याशा दुसऱ्याच माणसाने नेला. धाकटा हे एकदाच बोलला, जेवताना, "टिलर गेला," एवढंच. ती ऐकून घेईन म्हणाली होती, तसं तिने ऐकून घेतलं. त्याला समजावायला गेली नाही. पुढच्या हंगामात कोळपणी लागली तेव्हा ती पहाटे उठून आवारात जायच्या आधी दोन तास शेतात जायला लागली. कोळप्याचा दोर तिने स्वतःच्या छातीवरून घेतला आणि धाकट्याला मागे मूठ धरायला लावली. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "सोडा, वहिनी." दुसऱ्या दिवशी म्हणाला नाही. आठव्या दिवशी तिच्या गळ्याखाली त्याच्यासारखाच वळ उठला होता आणि कोळपं दोघं आळीपाळीने ओढत होते.

महिने बदलायचा दिवस आला तेव्हा नवरा काठी न घेता आवारात आला. पाय दोन्ही सारखे होते, फक्त चाल अजून जपून होती. पहिल्या फळ्यासमोर गर्दी होती आणि खडूवाली वर होती. मधला लिहून झाला होता. तिसऱ्यावर नव्या कापणीचा महिना पहिल्यांदाच चढायचा होता.

"तो मी लिहितो," नवरा म्हणाला.

ती शिडीवरून खाली उतरली. नको म्हणायला तिच्या तोंडात शब्द आला होता, पण तिच्या आधी धाकटा पुढे झाला. मक्याच्या पोत्यांच्या हमालीसाठी तो त्या दिवशी आवारात होता. त्याने दुसरी शिडी आणून तिसऱ्या फळ्याला लावली, खाली बसून ओट्यावरचे दाणे हाताने झाडले, एकूणएक झाडले, आणि तिने बाजूला ठेवलेले गोणपाटाचे आणखी दोन तुकडे उचलून शिडीच्या पायांखाली घातले. मग दोन्ही हातांनी शिडी धरून पाय रोवून उभा राहिला.

"चढ दादा."

नवरा एकेक पायरी चढला. तिसऱ्या पायरीवर थांबला, श्वास घेतला, आणि म्हाताऱ्याच्या कुंच्याच्या फराट्यांवर मोठ्या सुबक अक्षरात नवा भाव लिहिला. एकोणीसशे पंच्याऐंशी. पलीकडे कारकून पहिल्या फळ्यासाठी तिसऱ्यांदा ओरडत होता.

धाकट्याने मान वर करून तो आकडा वाचला. "वहिनी," तो म्हणाला, शिडी न सोडता, "शनिवारी नोंदणी बंद होते ना?"

"हो."

"मग मीच सही करतो या वेळी. तुम्ही फळा बघा." आणि वर बघून त्याने भावाला विचारलं, "आणखी काही लिहायचंय?"

"नाही," नवरा म्हणाला आणि उतरायला लागला. "आता उद्या."

खडूवालीने फडकं झटकलं आणि ती पहिल्या फळ्याकडे गेली.